उपग्रह तपासून घेतला, त्याचा आकडा कोण तपासणार?



आजची पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. कृषी सहायक, केव्हीकेचे साहेब लोक आणि विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, त्यांनी तर जरूर वाचा, कारण भांडण थोडं त्यांच्याशीही आहे.

विषय निसार उपग्रहाचा. नासा आणि इस्रो यांनी मिळून केलेला हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ नं वर गेला. तेव्हापासून पारावर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, आता वरून सगळं दिसणार, पंचनामा नको, कापणी प्रयोग नको, बांधावर कुणी यायचंच काम नाही. दुसरे म्हणतात, साडेसातशे किलोमीटरवरून ह्यांना काय डोंबल दिसतंय, सगळा विमा बुडवायचा खेळ आहे.

माझं म्हणणं दोघांना पटणार नाही. रडार उपग्रह कामाची वस्तू आहे. पण तो वर गेल्यावर खुद्द शास्त्रज्ञांनी त्याच्या एकाही आकड्यावर आंधळा विश्वास ठेवला नाही. तीन महिन्यांवर त्याची तपासणी चालली. आणि इथं खाली मात्र उपग्रहाचं नाव घेऊन आलेला उत्पादनाचा, ओलीचा, नुकसानीचा आकडा आपण मुकाट मान्य करायचा, अशी अपेक्षा आहे. यंत्र तपासलं, पण यंत्रावरून काढलेला आमच्या रानाचा आकडा कोण तपासला? एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी त्यांनी काय केलं ते बघा, म्हणजे मागायचं काय ते कळेल.

उपग्रह कक्षेत गेला म्हणजे कामाला लागला असं होत नाही. निसारला पहिले ९० दिवस नुसत्या तपासणीसाठी ठेवले होते. अँटेनाची जाळीची छत्री १२ मीटर व्यासाची. ती घडी घालून नेलेली. ९ ऑगस्टपासून तिचा ९ मीटरचा दांडा एकेक सांधा करत, काही दिवस घेऊन उघडला आणि १५ ऑगस्टला छत्री उघडली. मग उपग्रह त्याच्या ठरलेल्या ७४७ किलोमीटरच्या कक्षेत बसवायचा. मग रडार चालू करायचे. रडार दोन आहेत. नासाचं एल-बँड, त्याची लहर साधारण २४ सेंटिमीटर. इस्रोचं एस-बँड, साधारण ९ सेंटिमीटर. इस्रोच्या रडारनं १९ ऑगस्टला पहिलं चित्र घेतलं ते गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचं. आपलीच गोदावरी, पण आंध्रात समुद्राला मिळते तिथली. नासाच्या रडारनं २१ ऑगस्टला अमेरिकेतल्या मेन राज्याचा किनारा टिपला आणि २३ ऑगस्टला नॉर्थ डकोटातली शेती. त्या चित्रात सोयाबीन-मक्याची रानं, पडीक रानं आणि गोल फिरणाऱ्या सिंचनाची वर्तुळं वेगवेगळी दिसतात.

चित्र सुंदर आलं म्हणजे माप बरोबर आलं असं नसतं. खरं काम इथून पुढं सुरू होतं.

रडार खाली लहरी सोडतं आणि परत आलेला भाग मोजतं. किती परत आलं, त्यावर सगळा हिशोब. आता परत आलेलं माप बरोबर आहे हे कसं ठरवणार? त्यासाठी जमिनीवर ओळखीची वस्तू ठेवावी लागते. तिला कॉर्नर रिफ्लेक्टर म्हणतात. धातूचे तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडलेले, घराचा कोपरा असतो तसे. लहर आत आली की तिन्ही पत्र्यांवर आपटून आली तिकडंच परत जाते. पत्र्याचं माप माहीत असलं की किती लहर परत जाईल हे कागदावर काढता येतं. मग उपग्रहाच्या चित्रात तो ठिपका बघायचा. जिथं ठेवला तिथंच दिसतोय का? कागदावर काढला तेवढाच उजळ आहे का? फरक असेल तर तेवढी दुरुस्ती करायची. इस्रोनं असे रिफ्लेक्टर अहमदाबादच्या आसपास आणि देशात आणखी काही ठिकाणी लावले. नासाचे कॅलिफोर्नियात रोझामंडच्या कोरड्या तलावात वर्षानुवर्षं उभे आहेत. सपाट, उजाड जागा, म्हणजे आजूबाजूचं काही मधे येत नाही.

दुसरी पट्टी म्हणजे ॲमेझॉनचं जंगल. तिथं शेकडो किलोमीटर एकसारखं घनदाट झाड आहे, म्हणून परत येणारी लहरही जवळपास एकसारखी. चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उजेड कमी-जास्त दिसला तर दोष जंगलात नाही, अँटेनाच्या रोखात आहे हे कळतं. इस्रोनं ही पट्टीही लावून बघितली. हे सगळं झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मधे विज्ञानाचं काम सुरू झाल्याचं त्यांनी सांगितलं. आणि ही तपासणी एकदाच करून संपत नाही. उपग्रह चालू आहे तोवर ती चालूच ठेवावी लागते, कारण यंत्र हळूहळू सरकतं.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. बाजारातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का दरवेळी का लागतो? गेल्या हंगामात एका खरेदी केंद्रावर माझ्याच सोयाबीनच्या एका कट्ट्याचा ओलावा एका मशिनीनं १२ च्या आत दाखवला आणि शेजारच्या मशिनीनं १४ च्या वर. कट्टा तोच, दाणे तेच. मी विचारलं, दोन्हीतली खरी कुठली, शेवटची तपासली कधी? उत्तर मिळालं, "मशिन दाखवतं ते आम्ही लिहितो." माल परत आणावा लागला. मशिनीवर माझा राग नाही. "मशिन दाखवतं ते आम्ही लिहितो" ह्या वाक्यावर राग आहे. तेच वाक्य आता उपग्रहाच्या नावानं ऐकायचं काय?

आता मूळ मुद्दा. अहमदाबादचा रिफ्लेक्टर एवढंच सांगतो की रडारनं परत आलेली लहर बरोबर मोजली. त्या लहरीवरून "या मंडळात सोयाबीन हेक्टरी इतके क्विंटल" किंवा "या रानात ओल इतकी" असं म्हणायला मधे आणखी एक गणित लागतं. तपासणी हवी ती ह्या गणिताची. आणि आपल्या काळ्या रानात हे गणित कुठं कुठं फसू शकतं ते शेतकऱ्याला चांगलं कळतं.

नांगरून ढेकळं पडलेलं रान आणि वखरून सपाट केलेलं रान, दोन्हीत ओल सारखीच असली तरी ढेकळाचं रान जास्त लहर परत फेकतं. गणिताला खडबडीतपणा कळला नाही तर ते ढेकळालाच ओल समजणार. तासांची दिशा बदलली तरी माप बदलतं. पूर्व-पश्चिम पेरणाऱ्याचं वेगळं, उत्तर-दक्षिण पेरणाऱ्याचं वेगळं. रुंद वरंबा सरीवर पेरलं तर आणखी वेगळं. पाऊस ओढला की काळी भेगाळते, तो पृष्ठभागच निराळा होतो. निसार आपल्यावरून जातो तो सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. रब्बीत सकाळी सहाला ज्वारी-हरभऱ्यावर दव किती असतं ते सांगायला नको. पानावरचं पाणीही मापात येतं.

साचलेल्या पाण्याचं तर उलटंच. उघड्या रानात पाणी साचलं की ते आरशासारखं लहर पलीकडं घालवतं, चित्रात रान काळं दिसतं. पण उभ्या धाटांच्या बुडात पाणी असलं की लहर पाण्यावर आणि धाटावर अशी दोनदा आपटून जोरात परत येऊ शकते, आणि तेच रान उजळ दिसतं. ज्यानं हे रानात उतरून बघितलं नाही, तो बुडालेल्या पिकाला "पीक जोमात" लिहून मोकळा होईल.

ओलीचं बघा. निसारच्या ओलीच्या मापनाचं उद्दिष्ट २०० मीटर चौरसाला एक आकडा असं आहे. म्हणजे ४ हेक्टर, आपल्या हिशोबानं १० एकर. त्यात तुमचं कोरडवाहू, शेजाऱ्याचा ठिबकवरचा ऊस आणि मधला ओढा एकाच आकड्यात येऊ शकतात. चूक किती चालेल, तर घनफळाच्या हिशोबात शंभरात ६. हे उद्दिष्ट त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे आणि आकाशातून एवढं जमणं ही मोठी गोष्ट आहे. पण भारी काळ्या जमिनीत पिकाला मिळू शकणारं पाणीच मुळात घनफळाच्या साधारण १५ ते २० टक्के असतं. त्यात ६ इकडं-तिकडं म्हणजे वापसा आहे की पीक माना टाकतंय, एवढा फरक. शिवाय हे माप वरच्या पाचेक सेंटिमीटरचं. आपल्याकडं वर फुफाटा आणि वीतभर खाली ओल, हे दर वर्षीचं चित्र आहे. तूर आणि कपाशी त्या खालच्या ओलीवर जगतात, सोयाबीन तेवढं जगत नाही.

आणि उत्पादन? रडारला पाला-धाटाचा जोर कळतो. शेंगेतला दाणा कळत नाही. फुलोऱ्यात पावसानं ताण दिला, मग परत झोड लागली, की सोयाबीन कमरेएवढं, हिरवंगार, आणि शेंगा पोचट. असलं रान वरून बघितलं तर पहिला नंबर देईल कुणीही.

हे नुसतं वादासाठी म्हणत नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाला, २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनलाही, तंत्रज्ञानानं काढलेल्या उत्पादनाला किमान ३० टक्के वजन द्यायचं धोरण आलं. खरिपात आभाळ भरलेलं असताना साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला काही दिसत नाही, तेव्हा रडारच कामाला येतं. आज दुसऱ्या रडारांचा डेटा आहे, उद्या निसारचा येईल. पैशाचा हिशोब समजून घ्या. समजा मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे, कापणी प्रयोगात ८ आलं, आणि संरक्षित रक्कम ५०,००० आहे. घट २० टक्के, भरपाई १०,००० रुपये. आता वरच्या गणितानं हिरवा पाला बघून १० क्विंटल सांगितले आणि त्याला ३० टक्के वजन दिलं, तर उत्पादन धरलं जाणार ८.६. घट १४ टक्के, भरपाई ७,०००. हेक्टरी ३,००० गेले. मंडळात ५,००० हेक्टर विमा असेल तर दीड कोटी. एवढा पैसा ज्या गणितावर फिरतो त्याची चूक किती, हे मंडळातल्या एकाही शेतकऱ्याला माहीत नसतं.

ह्यावर साहेब लोकांचं ठरलेलं उत्तर असतं: कापणी प्रयोगात माणसं गडबड करतात, उपग्रहाला पाकीट देता येत नाही. बरोबर आहे, उपग्रह पाकीट घेत नाही. पण गणिताला शिकवायला आकडे कुठून आणता? कापणी प्रयोगातूनच ना? तो प्रयोग कार्यालयात बसून भरला असेल तर गणित ती लबाडी शिकणार, आणि पुढं बिनचूक तीच लबाडी करणार. म्हणून उपग्रह आल्यानं चांगल्या कापणी प्रयोगाची गरज कमी झाली नाही, वाढली. थोडे करा, पण खरे करा.

आता आपल्या लोकांनाही दोन शब्द. "वरून काय दिसतंय" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या की आपली खरी बाजू मांडायला हाच उपग्रह उपयोगी पडू शकतो. ढगफुटी झाली, आठ दिवस पाणी हललं नाही, आणि पंचनाम्याला माणूस पंधरा दिवसांनी आला, तर त्या पाण्याचा पुरावा रडारच्या चित्रात असू शकतो. निसारचा डेटा सगळ्यांना खुला आहे, फुकट आहे. दर १२ दिवसांत तो साधारण दोनदा आपल्यावरून जातो. असलं साधन नाकारणं शहाणपणाचं नाही. आणि ई-पीक पाहणीत रानात एक अन् नोंदीला भलतंच, हे जे चालतं ते बंद झालं पाहिजे. चुकीच्या नोंदीवर गणित शिकलं तर फटका खरी नोंद करणाऱ्यालाच बसतो. खरं माप मागायचं असेल तर खरी नोंद आपणच द्यायला हवी.

मग मागणी काय? सरळ आहे. रडारसाठी जो नियम लावला, तोच आमच्या आकड्याला लावा.

एक, रडारला अहमदाबादचे रिफ्लेक्टर, तसे गणिताला संदर्भ प्लॉट हवेत. प्रत्येक जिल्ह्यात भारी, मध्यम आणि हलक्या जमिनीचे. तिथं ओल, मशागत, पिकाची उंची, शेंगा, शेवटी काट्यावर उत्पादन, सगळं उपग्रह जाण्याच्या तारखांना मोजलेलं पाहिजे. परभणी, राहुरी, अकोला, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आणि जिल्ह्याजिल्ह्यात केव्हीके आहेत. माणसं आहेत, रानं आहेत, ओव्हन आहेत.

दोन, ज्या प्लॉटवर गणित शिकवलं त्याच प्लॉटवर ते तपासू नका. घरी सोडवून घेतलेलीच गणितं परीक्षेत घातली तर कुणीही पास होतो.

तीन, आकडा छापाल तिथं चूकही छापा. "९ क्विंटल" लिहू नका. "९, कमी-जास्त दीड" असं लिहा.

चार, उंबरठा आणि आकडा यांतला फरक त्या चुकीच्या आत असेल तर बांधावर या. तेवढ्यापुरतं तरी रान बघितल्याशिवाय दावा नाकारायचा नाही.

पाच, हे दर वर्षी. वाण बदलतात, पेरणीची पद्धत बदलते, पाऊस तर बदलतोच. एकदा जुळवलेलं गणित पाच वर्षं चालवू नका.

ही काही आकाशातली मागणी नाही. नासाचा स्मॅप नावाचा ओल मोजणारा उपग्रह जानेवारी २०१५ मधे गेला. त्याचं रडार त्याच वर्षी जुलैत बंद पडलं, पण दुसऱ्या उपकरणावर ओलीचं माप चालू राहिलं. त्या मापाची खातरी अमेरिकेत ओक्लाहोमातलं लिटल वॉशिटा, कॅनडातलं केनॅस्टन, ऑस्ट्रेलियातलं यांको, अर्जेंटिनातलं माँटे बुए अशा ठिकाणी जमिनीत पुरलेल्या सेन्सरांशी जुळवून केली. तिथल्या शेतकऱ्याच्या रानात सेन्सर पुरता येतो, तर आमच्या गावात का नाही?

तोवर आपण काय करायचं? निसार आपल्यावरून जातो त्या तारखा काढा. त्या दिवशी एकाच प्रकारचं मोठं रान धरा, दहा एकराच्या आसपास, शेजारी मिळून केलं तरी चालेल. नागमोडी चालत दहा ठिकाणी वरच्या ५ सेंटिमीटरची माती ठराविक मापाच्या नळीनं काढा, लगेच पिशवीत बांधा, ओली वजन करा. केव्हीकेच्या ओव्हनमधे १०५ अंशाला २४ तास वाळवून परत वजन करा. वजनातला फरक म्हणजे पाणी, नळीचं घनफळ माहीत असलं की टक्के निघतात. सोबत लिहून ठेवा: तारीख, वेळ, दव होतं का, रान नांगरलेलं की वखरलेलं, तासांची दिशा, पीक किती दिवसांचं, वीतभर खाली ओल होती का. फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा.

एका वहीनं काही होणार नाही, पण तालुक्यातल्या पन्नास वह्या एका हंगामात जुळल्या तर "तुमच्याकडं पुरावा काय" हा प्रश्न कुणी विचारणार नाही. केव्हीकेच्या साहेबांना विनंती, ओव्हन तेवढा उघडा ठेवा. बाकी मोजायचं काम आम्ही करतो.